माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि गांवची पंचायत

मुंबईस पुढील शिक्षणासाठीं गेलेल्या आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एल्फिन्स्टन हें नांव नवें नाहीं. त्या नांवाचें कॉलेज तेथें आहे. त्याच नांवाचें रेल्वेचें एक स्थानकहि २०१८ सालापर्यंत होतें. पण तें ज्यांच्या नांवाचें होतें ते लॉर्ड एल्फिन्स्टन निराळे, आमच्या चरित्रनायकांचे पुतणे. ही गफलत चांगले शिकलेले लोकहि करितात. कॉलेज मात्र आमच्या चरित्रनायकांचेंच स्मारक आहे, आणि म्हणून एल्फिन्स्टन साहेब म्हटले म्हणजे विद्येचे पुरस्कर्ते एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्यांच्या आयुष्यांतील एक मोठा उद्योग न्यायदानासंबंधीं होता. परकें राज्य आल्यावर लोकांच्या जुन्या न्यायाच्या रीतीचें काय करावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें येऊन पडला. आणि ज्या मुलुखांत तो पडला त्यांत आपला खानदेशहि होता. त्या दृष्टीनें त्यांचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजीं स्कॉटलंडांतील एका जुन्या सरदार घराण्यांत झाला. वडील एडिंबरोच्या किल्ल्याचे अधिकारी होते. त्या किल्ल्यांत फ्रेंच कैदी ठेविलेले असत. त्यांच्या संगतीनें हा मुलगा फ्रान्सच्या राज्यक्रांतीचीं गाणीं म्हणूं लागला व क्रांतिवाद्यांप्रमाणें लांब केस राखूं लागला, असें चरित्रकार सांगतात. शाळेच्या अभ्यासाची गोडी बेताचीच होती. ते धाकटे पुत्र असल्यामुळें वडिलांची सरदारी त्यांच्याकडे यावयाची नव्हती. चुलते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळींत होते. त्यांच्या वशिल्यानें नोकरी मिळाली, आणि १७९६ सालीं, सोळा वर्षांचे असतांना, ते कलकत्त्यास उतरले. ज्या वयांत आपलीं मुलें शाळान्त परीक्षेची काळजी करीत असतात त्या वयांत हा मुलगा घर सोडून सहा महिन्यांच्या समुद्रमार्गापलीकडे आला. त्यानंतर तीस वर्षेंपर्यंत मायदेश त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं.

त्यांची पहिली नेमणूक काशीस, तेथील इंग्रज न्यायाधीशाच्या हाताखालीं झाली. ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनीं १७९३ सालीं बंगाल इलाख्यांत नवे कायदे करून जिल्ह्याजिल्ह्यांत कंपनीचीं न्यायालयें उभारिलीं होतीं, व त्याच नमुन्यावर काशीचेंहि न्यायालय चालत असे. न्यायाधीश परका, त्याला लोकांची बोली पुरती समजत नसे. लेखी अर्ज, वकील, साक्षीपुरावे यांचें जाळें. आणि निकालाची वर्षानुवर्षें वाट. कज्ज्यांचे ढीग सांचूं लागले होते. पुढें दक्षिणेंत न्यायाची घडी बसवितांना बंगालची ही पद्धति येथें जशीच्या तशी आणूं नये असें एल्फिन्स्टन साहेबांचें ठाम मत झालेलें दिसतें, त्याचें बीज या नोकरींत असावें असें मला वाटतें. काशीसच १७९९ च्या जानेवारींत पदच्युत नवाब वजीर अली यानें इंग्रज अधिकाऱ्यांची कत्तल केली. न्यायाधीश डेव्हिस यांनीं भाला घेऊन जिन्यावर उभें राहून आपलें कुटुंब वांचविलें. एल्फिन्स्टन साहेब घोड्यावरून पळून गेल्यामुळें बचावले.

१८०१ सालीं त्यांची बदली पुण्यास, रेसिडेंटाचे मदतनीस म्हणून झाली. दोन वर्षांनीं इंग्रज व मराठे यांचें युद्ध जुंपलें तेव्हां ते सेनापति वेलस्ली यांच्याबरोबर दुभाषे म्हणून होते. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असई येथें, आपल्या खानदेशाच्या सीमेपासून फारशा दूर नसलेल्या त्या रणांगणावर, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं ते सेनापतींच्या बाजूसच घोड्यावर होते. युद्धानंतर नागपूरकर भोंसल्यांच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथील चार वर्षें त्यांनीं शिकारींत व वाचनांत घालविलीं. शाळेंत ज्यांना अभ्यासाचा कंटाळा, त्यांनीं नागपुरास ग्रीक व फारशी ग्रंथांचा पहांटे उठून अभ्यास करावा, हें आमच्या मुलांनीं लक्षांत घ्यावें, आणि त्यांच्या वडिलांनींहि.

१८०८ च्या ऑक्टोबरांत ते काबूलच्या बादशहाकडे वकील म्हणून दिल्लीहून निघाले. प्रत्यक्ष काबूलपर्यंत ते गेलेच नाहींत. शाह शुजा त्या वेळीं पेशावरास होता, व तेथेंच १८०९ सालीं तह झाला. तहाचें महत्त्व लवकरच संपलें, कारण शाह शुजासच गादी सोडून पळावें लागलें. पण या वकिलातींतून १८१५ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा अफगाणांविषयींचा मोठा ग्रंथ टिकून राहिला. त्यांत त्यांनीं पठाणांच्या जिरग्याचें वर्णन केलें आहे. प्रत्येक टोळीचे वडीलधारे लोक एकत्र बसत. रक्तपात, जमीन, पाणी यांविषयींचे तंटे ऐकत. आणि कुराणाच्या कायद्याहून निराळा असा जो पठाणांचा परंपरागत आचार, त्याप्रमाणें निकाल देत. शहरांत बादशहाचे काजी होते, पण डोंगरांत राजाचा हुकूम पोंचत नसे आणि जिरग्याचा पोंचत असे. राजा कोण आहे याची फारशी विवंचना न करितां हे लोक आपापसांत एक प्रकारची व्यवस्था कशी राखतात, याचें त्यांना कौतुक वाटलें. परंतु त्याच आचारांत खुनाची भरपाई म्हणून मारणाऱ्याच्या कुळांतील मुली मेलेल्याच्या कुळांत द्यावयाच्या अशी रीत होती, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. जुन्या न्यायाची ही दुसरी बाजू त्यांनीं पेशावरासच पाहिली होती.

१८११ सालीं ते पुण्याचे रेसिडेंट झाले. पुढील सहा वर्षांचा इतिहास आपण शाळेंत शिकतोंच, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगतों. बडोद्याहून आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ च्या जुलईंत पंढरपुरास खून झाला. संशय पेशव्यांचे आवडते त्रिंबकजी डेंगळे यांजवर आला. एल्फिन्स्टन साहेबांनीं पेशव्यांवर दडपण आणून त्यांना ठाण्याच्या किल्ल्यांत कैदेंत टाकविलें. तेथून ते निसटले व डोंगरांतील भिल्ल-रामोशांच्या आश्रयास गेले. अखेर ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या दिवशीं संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली, व तिच्याबरोबर साहेबांचा जमविलेला ग्रंथसंग्रह आणि टिपणेंहि जळलीं. बाजीराव पळत राहिले, पेशवाई संपली, आणि १८१८ च्या आरंभीं जिंकलेल्या सर्व मुलुखाचे कमिशनर म्हणून एल्फिन्स्टन साहेबांच्या हातीं एवढा मोठा प्रदेश आला कीं, त्याची व्यवस्था कशी लावावी हें ठरविण्यास त्यांना वरिष्ठांचा जवळजवळ पूर्ण मोकळा हात होता.

त्यांच्या हाताखालीं पांच अधिकारी होते. पुण्यास रॉबर्टसन, नगरास पॉटिंजर, कर्नाटकांत चॅप्लिन, साताऱ्यास ग्रँट, आणि खानदेशांत कॅप्टन जॉन ब्रिग्ज. या ब्रिग्ज साहेबांनीं आपलें ठाणें धुळ्यास केलें, आणि तेव्हांपासून धुळें हें जिल्ह्याचें मुख्य शहर झालें. एल्फिन्स्टन साहेबांनीं या सर्वांना प्रश्न पाठविले. तुमच्या मुलुखांत तंटे कोण तोडतो? पंच कसे नेमतात? निकाल कोण अंमलांत आणतो? चोरास शिक्षा कोण देतो, कोणत्या पुस्तकाच्या आधारें? उत्तरें आलीं, तीं त्यांनीं स्वतःच्या अनुभवाशीं ताडून पाहिलीं, व १८१९ सालीं पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयीं आपला प्रसिद्ध रिपोर्ट लिहिला. मराठी राज्यांतील न्यायपद्धतीविषयीं ज्याला कांहीं जाणून घ्यावयाचें असेल त्याला हा रिपोर्ट अजूनहि वाचावा लागतो.

त्यांना काय आढळलें? पुण्यास न्यायाधीश होता, आणि रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव त्या पदामुळें अजरामर झालें आहे. पण खेड्यापाड्यांतील कुणब्याचा त्या पदाशीं कधीं संबंध येत नसे. समजा, दोन भाऊबंदांत शेताच्या बांधावरून किंवा सावकाराच्या देण्यावरून तंटा पडला. फिर्यादी पाटलाकडे जाई. पाटील आधीं समजूत घाली. न ऐकलें तर दोघांच्या संमतीनें पंच नेमी. पंच म्हणजे पांचच असत असें नाहीं. प्रसंगीं दहा-पंधराहि बसत. ते गांवचेच, दोन्ही पक्षांना ओळखणारे, कोणाची जमीन कोठून कोठपर्यंत आहे हें लहानपणापासून पाहिलेले लोक असत. देवळांत, चावडींत किंवा झाडाच्या पारावर बैठक भरे. निकाल मान्य करूं असा राजीनामा दोघांकडून आधीं लिहून घेत, जामीन घेत, मग एकेकाचें म्हणणें ऐकत, आणि शेवटीं निर्णयाचा सारांश लिहून देत. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. वतनाचा मोठा तंटा असला म्हणजे सगळा गोत जमे, देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या साक्षीनें महजर होई, आणि तो कागद घराण्यांत पिढ्यान्पिढ्या जपून ठेवीत. असे महजर व निवाडपत्रें महाराष्ट्राच्या जुन्या दप्तरांत पुष्कळ सांपडतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं असलीं दप्तरें घरोघर हिंडून मिळविलीं. त्यांच्या मागें धुळ्यास निघालेल्या संशोधन मंडळांत तीं आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां तरी अवश्य पाहावीं.

देणें वसूल करण्याची एक रीत त्यांना विशेष चमत्कारिक वाटली. तिला तकाजा म्हणत. धनको ऋणकोच्या दारीं माणूस बसवी. तो त्याला बाहेर जाऊं देत नसे, कधीं जेवूंहि देत नसे. कधीं धनको स्वतःच धरणें धरून उपाशी बसे, आणि ऋणकोसहि लाजेकाजेस्तव उपाशी राहावें लागे. सरकारांत अर्ज नाहीं, बेलिफ नाहीं. लोकलाज हाच बेलिफ.

एल्फिन्स्टन साहेबांनीं या पद्धतीचे दोष मोकळेपणानें मांडले आहेत, आणि ते खोटे नव्हते. पंचांना कांहीं वेतन नसे, म्हणून ते बैठकीस येण्यास टाळाटाळ करीत. पंच नेमण्याची सक्ति कोणी करावी, किती दिवसांत निकाल व्हावा, याचा नियम नव्हता. प्रतिवादी बलिष्ठ असला तर तो पंचायतीस कबूलच होत नसे. पाटील किंवा मामलेदार लांच घेऊन प्रकरण दडपून टाकी. एकदां झालेला निकाल मोडून दुसरी पंचायत बसविणें अशक्य नव्हतें. फौजदारी बाबतींत तर शिक्षेचा कांहीं धरबंधच नव्हता. या दोषांत आणखी एक आपण आज मिळवावा. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष फार मोठी मानीत, परंतु त्याच महाराला पंचांच्या बैठकींत बरोबरीचें आसन मिळत नसे. आणि स्त्रियांना तर पंचांत जागाच नव्हती. पंचांमुखीं परमेश्वर बोलतो असें आपले पूर्वज म्हणत, पण त्या पंचांत कोण बसत असे हेंहि आपण विचारलें पाहिजे.

हे सर्व दोष ठाऊक असूनहि त्यांनीं पंचायत मोडली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, एवढ्या दोषांसह लोक या पद्धतीवर जगत आले आहेत, तिच्यावर त्यांचा विश्वास आहे, आणि तंट्यांतील खरें-खोटें परक्या न्यायाधीशापेक्षां शेजाऱ्यास अधिक कळतें; तेव्हां सरकारनें तिच्या पाठीशीं उभें राहावें, दिरंगाई व लांच यांना आळा घालावा, आणि तिच्या जागीं नवीन कांहीं उभारण्याची घाई करूं नये. मद्रासेंत सर टॉमस मन्रो यांनींहि १८१६ सालीं गांवच्या मुनसफांना व पंचायतींना कायद्यानें स्थान दिलें होतें. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांत असे विचार करणारे मोजकेच होते.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून चरित्र एकांगी होईल. पेशवाई बुडाल्यानंतर पुण्यांत व साताऱ्यांत इंग्रजांना मारून पेशव्यांस पुन्हां गादीवर बसविण्याचा कट उघडकीस आला. एल्फिन्स्टन साहेबांनीं कटाच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडीं दिलें. मुंबईचे गव्हर्नर नेपियन यांनीं या कृत्याबद्दल पुढें कोणी जाब विचारूं नये म्हणून कायद्यानें माफी मागून ठेवण्याची सूचना केली, ती त्यांनीं नाकारली. आपण योग्य केलें असेल तर माफी कशाला, आणि अयोग्य केलें असेल तर परिणाम भोगले पाहिजेत, असा त्यांचा बाणा होता. बाणा मर्दाचा खरा. पण बांधाच्या तंट्यासाठीं पंचायत राखणारा राज्यकर्ता राज्याच्या प्रश्नावर कोणत्याहि पंचापुढें गेला नाहीं, हेंहि खरें आहे.

आतां खानदेशाकडे वळूं. ब्रिग्ज साहेबांच्या हातीं जो खानदेश आला तो आजच्यासारखा केळीच्या बागांचा व कापसाचा सुखी मुलूख नव्हता. १८०२ पासून होळकरांच्या फौजांची लूट आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. पेंढारी, अरबांच्या टोळ्या यांनीं उरलेलें उद्ध्वस्त केलें. जेथें गांवच नाहीं तेथें पंच कोठून आणावे? आणि सातपुड्यांत, सातमाळ्यांत भिल्लांचे नाईक होते. गांवाची राखण करणें हें त्यांचें जुनें काम, आणि त्याबद्दल गांवाकडून मिळणारा हक्क हें त्यांचें वतन. धामधुमींत हक्क बुडाले, तसे ते लुटीवर जगूं लागले. उत्तर पेशवाईंत त्यांना न्याय कसा मिळे याचें उदाहरण कोपरगांवचें आहे. तेथें सरकारी अधिकाऱ्यानें बोलणें करण्याच्या मिषानें पुष्कळ भिल्लांना बोलावून आणिलें व दगा देऊन ठार मारिलें. ज्यांना अशा रीतीनें बोलाविलें गेलें त्यांच्या मुलांनीं नव्या साहेबाच्या बोलावण्यावर विश्वास कां ठेवावा?

पहिलीं सात वर्षें इंग्रजांनींहि बहुतेक बंदुकीनेंच काम चालविलें. नाईक पकडावे, फांशीं द्यावे, कांहींना पेन्शन द्यावें, आणि पुन्हां दुसऱ्या वर्षीं तेंच. १८२५ सालीं, एल्फिन्स्टन साहेब मुंबईचे गव्हर्नर असतांना, धोरण बदललें. खानदेशांत तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. भिल्लांच्या तक्रारी ऐकणें, नाइकांचे हक्क ठरविणें, शेतीसाठीं जमीन व तगाई देणें, आपसांतील वाद मिटविणें हें एजंटाचें काम ठरलें. त्याच वर्षीं जळगांव जिल्ह्यांतील धरणगांवीं लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनीं भिल्लांची पलटण उभारिली. हा बावीस वर्षांचा तरुण एकटा त्यांच्या वस्त्यांत जाई, त्यांच्याबरोबर वाघाची शिकार करी, आणि त्यांच्याच पहाऱ्यांत निजे. आधीं फार थोडे आले; मग ज्यांना सरकार चोर म्हणत होतें तेच सरकारचे शिपाई झाले. औट्रम साहेबांची कीर्ति खानदेशांत अधिक आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि भिल्लास आधीं ऐकून घ्यावें, मग शिक्षा करावी, हें धोरण ज्या सरकारनें मंजूर केलें त्याच्या शिरावर एल्फिन्स्टन साहेब होते. पलटणीचा दुसरा उपयोग मात्र विसरूं नये. तिच्या बंदुका न शरण आलेल्या भिल्लांवरच चालल्या.

गव्हर्नर म्हणून त्यांची कारकीर्द १८१९ पासून १८२७ पर्यंत झाली. या आठ वर्षांत शाळा निघाल्या, १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. परंतु ज्या एका कामासाठीं त्यांनीं समिति नेमून वर्षानुवर्षें श्रम घेतले तें म्हणजे कायद्यांचा संग्रह. १ जानेवारी १८२७ रोजीं तो मंजूर झाला. त्यांतील चौदाव्या कायद्यांत गुन्हे व शिक्षा प्रथमच एका ठिकाणीं, लेखी, मांडल्या गेल्या. सबंध हिंदुस्थानासाठीं पीनल कोड होण्यापूर्वीं तीसहून अधिक वर्षें मुंबई इलाख्यास असा कायदा होता. आणि चौथ्या कायद्याचें सव्विसावें कलम आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. दिवाणी दाव्यांत न्यायाधीशानें कशाला अनुसरावें, याचा क्रम त्यांत लावून दिला. आधीं पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसतील तर जेथें दावा उत्पन्न झाला त्या प्रदेशाची रूढि. रूढि नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. आणि तोहि नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेकबुद्धि.

हा क्रम वाचून कोणास वाटेल कीं, यांत विशेष काय? विशेष असें कीं, बंगालमध्यें १७७२ पासून हिंदूंस शास्त्र व मुसलमानांस कुराण असा नियम होता. कोर्टांत पंडित व मौलवी बसत, आणि पोथींत असेल तें खरें. मुंबई इलाख्यांत मात्र पोथीच्या आधीं रूढि आली. कुणब्यांत पाट लागतो, सोडचिठ्ठी होते; या गोष्टी शास्त्राच्या पोथींत शोधाव्या लागत नाहींत, त्या लोकांत चालत आलेल्या आहेत, म्हणून कोर्टास मानाव्या लागतील, असा याचा अर्थ. पण रूढि कोणती हें साहेबास कसें कळावें? म्हणून आर्थर स्टील नांवाच्या अधिकाऱ्यास दक्षिणेंतील जातिजातींचे आचार जमविण्यास सांगितलें. त्यानें शास्त्र्यांना विचारलें, तसेंच निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांनाहि. लग्न, दत्तक, वांटणी, वारसा, जातीबाहेर टाकणें, सर्वांविषयीं प्रश्न केले, व १८२७ च्या सुमारास तें पुस्तक छापून निघालें.

इकडे प्रत्यक्ष पंचायतीचें काय झालें? ती कोणी बंद केली नाहीं. कायद्यांत तिला जागा होती, कलेक्टरांना ती चालवावी अशा आज्ञा होत्या. तरीहि तिच्यापुढें येणारे दावे झपाट्यानें कमी होऊं लागले. कारणें शोधूं गेल्यास दूर जावें लागत नाहीं. पूर्वीं पाटलाचा शब्द मोडला तर पाटील कांहीं करूं शकत असे. नव्या राज्यांत त्याचा हात आंखडला. पूर्वीं हरणाऱ्यास जाण्यास दुसरें ठिकाण नव्हतें. आतां जिल्ह्याच्या गांवीं कोर्ट होतें, आणि पंचांचा निकाल विरुद्ध जाणार असें दिसतांच एक पक्ष राजीनामा लिहून देण्याचें नाकारून तिकडे चालूं लागे. प्रत्येक पक्ष आपला पंच नेमी, आणि तो पंच निवाडा करण्याऐवजीं वकिली करी. तकाजा, धरणें हीं तर नव्या कायद्यांत बसणारीं नव्हतीं; मग निकालाच्या पाठीमागील लोकलाजेचें बळ गेलें. सरकार पाठीशीं उभें राहिल्यानें पंचायत सुधारेल ही एल्फिन्स्टन साहेबांची आशा होती. पण पंचायतीचें सामर्थ्य दुसरा मार्ग नसण्यांत होतें, आणि दुसरा मार्ग उघडणारें त्यांचेंच सरकार होतें. अर्थात् दुसरा मार्ग उघडला हें गरिबास वाईटच झालें असें म्हणवत नाहीं. पाटलाशींच ज्याचें भांडण, त्याला जिल्ह्याचें कोर्ट हा मोठाच आधार होता.

नोव्हेंबर १८२७ मध्यें ते मुंबई सोडून गेले. लोकांनीं वर्गणी करून दोन लाखांहून अधिक रुपये त्यांच्या नांवें शिक्षणासाठीं जमविले. त्यांतूनच पुढें कॉलेज उभें राहिलें. ते ग्रीस वगैरे देश पाहात स्वदेशीं पोंचले. गव्हर्नर जनरलचें पद त्यांना देऊं केलें असतां प्रकृतीचें कारण सांगून त्यांनीं तें घेतलें नाहीं. लग्न केलें नाहीं. १८४१ सालीं हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि इंग्लंडच्या सरे परगण्यांतील एका घरांत पुस्तकांच्या सोबतीनें राहून २० नोव्हेंबर १८५९ रोजीं मरण पावले. दुसऱ्याच वर्षीं पीनल कोड मंजूर झालें, तें १८६२ पासून अंमलांत आलें, व त्यांचा फौजदारी कायदा मागें पडला. स्टीलचें पुस्तक मात्र १८६८ सालीं पुन्हां छापावें लागलें. रूढि काय आहे असा प्रश्न निघाला कीं आतां वकील पारावर जात नसत, तें पुस्तक उघडीत. आणि चाळीस वर्षांपूर्वीं पुण्यास कोणीं काय उत्तर दिलें त्यावर त्यांच्या नातवांच्या वांटण्या ठरत.

पंचांची आठवण सरकारास मधूनमधून होत राहिली. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हां १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यांत तडजोड करणारे समेटवाले व गांवचे मुनसफ पुन्हां नेमण्यांत आले. खानदेशाच्या वायव्येस, अक्कलकुव्याकडील काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेवासी संस्थानिकांचीं गांवें तर १८७४ च्या कायद्यानें अनुसूचित मुलुखांत घातलीं गेलीं, म्हणजे इतर जिल्ह्याचे सर्व कायदे तेथें आपोआप लागू होत नसत. पाड्यावरचे तंटे पाड्यावरचे लोक तोडीत. मात्र १८७८ चा जंगलचा कायदा झाला, आणि लांकूड, मोहाचीं फुलें, चराई यांवरून सातपुड्यांतील भिल्ल-पावऱ्यांना कचेरीची वाट पाहावी लागूं लागली. तेथें त्यांचा पंच त्यांच्या कांहीं उपयोगी पडत नसे.

स्वातंत्र्यानंतर हा भाग राज्यघटनेच्या पांचव्या परिशिष्टाखालीं आला. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील कांहीं गांवेंहि त्याच परिशिष्टांत मोडतात. १९९६ सालीं पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें अशा गांवांच्या ग्रामसभेस आपल्या चालीरीती व तंटे मिटविण्याची परंपरागत रीत राखण्यास समर्थ मानिलें. उलट पक्षीं, जातपंचायती माणसांना वाळींत टाकून, दंड करून छळतात अशा तक्रारी वाढल्यामुळें महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि तसा बहिष्कार घालणें हा गुन्हा ठरविला. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या पाड्यांत पुष्कळ तंटे आजहि पंच बसून मिटवितात. लग्नाचा देज परत द्यावयाचा असो वा गुरांनीं शेत खाल्लेलें असो, दोन्ही पक्षांचीं माणसें गोल बसतात, आणि बोलणें संध्याकाळपर्यंत चालतें. जो निकालावर नाराज असेल त्याला खालीं उतरून कोर्टांत जाण्याची वाट मोकळी असते.